नात्याचा रकाना

३ फेब्रुवारी
सकाळी, चहा घेता घेता

प्रिय पेन्सिल,

आशीर्वाद लिहावेत तर तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी, आणि नमस्कार लिहावा तर तू हसशील. म्हणून नुसतंच प्रिय. तुझी प्रकृती कशी आहे? माझी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण अजून संपावर गेलेले नाहीत.

हे पत्र तुला तुमच्या निवाऱ्यातल्या मेट्रनबाई देतील. मी तुझी कोण, हे त्यांना सांगितलेलं नाही. घरवाटप कार्यालयातली निवृत्त हेडक्लार्क, एवढंच त्यांना माहीत आहे.

शहरात बेघर माणसं किती, याची मोजणी चालू आहे हे तू ऐकलं असशील. माणसं कमी पडतात म्हणून आम्हा निवृत्तांनाही बोलावलं आहे. पहिले चार दिवस पहाटे फुटपाथवर काम होतं. झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या उशाशी जमिनीवर खडूची एक रेघ मारायची, म्हणजे मागून येणारा तेच माणूस पुन्हा मोजत नाही. कोणाला उठवायचं नाही, तोंडावरचं पांघरूण बाजूला करायचं नाही, असा हुकूम. मी दोनशे सदतीस रेघा मारल्या. प्रत्येक रेघेला वाकताना पांघरुणाबाहेरची पावलं आधी बघायचे. का, ते जाऊ दे. थंडी फार होती, एवढंच.

पाचव्या दिवशी मला मोजायला निवारे दिले. काल तुमच्या निवाऱ्याचं रजिस्टर माझ्यापुढे आलं. पानभर अंगठे, दोन-चार वेड्यावाकड्या सह्या, आणि सतराव्या ओळीत उजवीकडे झुकलेली, गोल वळणाची एक सही. सहीपुढे टिंब.

शाळेतल्या खडू सिस्टर आठवतात? "तुमचं नाव म्हणजे पूर्ण वाक्य आहे, मुलींनो. पूर्ण वाक्यानंतर काय येतं?" आणि आपण चाळीस जणी एका सुरात, "पूर्णविराम, सिस्टर!" त्या चाळिसांतल्या किती जणी अजून टिंब देत असतील? मी देते. मला वाटत होतं, मीच एकटी.

मी विचारलं, "या बाई कुठे आहेत?"

"त्या होय? मावशीला घेऊन दवाखान्यात गेल्यात," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हातारीला दिसत नाही हो. दोघी एकमेकींशिवाय घास उचलत नाहीत."

तुला मावशी कुठून आली, असं मनात आलं. आणि लगेच लाज वाटली. तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुला ना मामा, ना मावशी, ना काका. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉन्व्हेंटचं बोर्डिंग रिकामं व्हायचं आणि एकटी तू व्हरांड्यात बसलेली असायचीस. मी आईला सांगितलं, आईने तुला घरी आणलं आणि दारातच म्हणाली, "अगं, हिला कोणी खायला घालतं की नाही? टोक काढलेली पेन्सिल दिसते नुसती!" नाव तिथेच पडलं. माझं चालणं बघून तू मला बदक म्हणायला लागलीस, ती त्याची परतफेड. सुट्टीपुरती आलीस आणि सव्वीस वर्षं राहिलीस. बाजारात कोणी विचारलं की आई म्हणायची, "या माझ्या दोघी." मोठी कोणती, धाकटी कोणती, सख्खी कोणती, काही नाही. दोघी.

मग आई गेली. मग तू गेलीस. बावीस वर्षं झाली.

आता कामाचं. तुमचा निवारा ३१ मार्चला बंद होणार, हे नक्की आहे. छत धोक्याचं ठरलं आहे. पुढची सोय अशी: नदीपलीकडच्या नव्या इमारतीत खोल्या आहेत, पण एका खोलीत निदान दोन माणसं हवीत आणि त्यांचं आपसांत नातं हवं. एकट्या बायकांना वसतिगृह, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना वृद्धाश्रम. ही दोन ठिकाणं शहराच्या दोन टोकांना आहेत. तेव्हा तुमचं दोघींचं सगळं त्या एका नात्याच्या रकान्यावर आहे.

गुरुवारी फॉर्म भरायला मीच येणार आहे. टेबलाशी एकदम माझं तोंड दिसून तुला त्रास होऊ नये म्हणून आधी कळवलं. बाकी भेटीत.

तुझी,
बदक


९ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

तुझी प्रकृती बरी दिसली. केस पांढरे झाले तरी तुला शोभतात. माझे नुसतेच गेले.

बुधवारी रात्रभर धड झोपले नव्हते. साठी उलटलेली बाई, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी चार वेळा पेन तपासून निघाले. तू रांगेत सातवी होतीस. पुढच्या सहा जणींना मी काय विचारलं, काय लिहिलं, काही आठवत नाही.

तू समोर आलीस आणि बसली नाहीस. हजेरीला उभी राहायचीस तशी उभी राहिलीस.

"नाव?"

सांगितलंस.

"वय?"

"तुमच्याहून अकरा दिवस जास्त."

मेट्रनबाई खो खो हसल्या. त्यांना वाटलं, थट्टाच. पेन्सिल, मी अख्खं आयुष्य लोकांकडून 'तुम्ही' ऐकत आले आहे. इतका जड 'तुम्ही' कधी ऐकला नव्हता.

"सोबत कोण?"

"मावशी."

आणि मी पुढचा प्रश्न विचारण्याआधी तुझा हात धरून उभी असलेली म्हातारी बोलली. "मावशी कसली! मानलेली आहे मी, मानलेली. बसथांब्यावर भेटलो आम्ही. हिने सरकून बाकावर जागा दिली. जी चिकटले ती आजपर्यंत."

"मावशी, गप्प बसा," तू म्हणालीस.

"का गप्प बसू? आंधळी आहे मी, मुकी नाही. आणि काय हो कारकूनबाई, पावसात भिजायला नातं लागतं का? नाही ना? मग छपराखाली बसायला कशाला हवं?"

मागची रांग हसली. एक जण म्हणाली, "मावशीला निवडणुकीला उभी करा!" मावशी म्हणाली, "उभीच आहे केव्हाची, कोणी खुर्ची देईल तर शपथ!" मी उठून माझी खुर्ची दिली. म्हणून उरलेले फॉर्म मी उभ्याने भरले, आणि तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस.

तुमचा रकाना मी कोरा ठेवला आहे. "विचारून सांगते" म्हटलं, तर मावशी म्हणाली, "विचारा, सावकाश विचारा. आम्ही कुठं जातोय? जायला जागा असती तर इथे आलोच असतो का?"

विचारलं. या योजनेत मानलेलं नातं चालत नाही. 'सख्खी' लिहावं तर पुरावा मागतात आणि तो सापडला नाही की दोघींची नावं कायमची कापतात. मी असे कितीतरी अर्ज कापलेले आहेत. माझ्याच हाताने, लाल शाईने.

म्हणून म्हणते, इतका घोळ कशाला? तू आणि मावशी, दोघी माझ्या घरी या. मी काही परकी नाही. जागा भरपूर आहे. मोजणीचा फॉर्म मी स्वतःच्या घराचाही भरला, त्यात लिहावं लागलं: खोल्या तीन, माणसं एक. लिहिताना कोणी बघतंय का, म्हणून मान वर केली. घरात मी एकटीच होते.

मागची खोली तशीच आहे. तुझी खाट, खिडकीतलं स्टूल, आईच्या औषधांची फळी. तिथे मी झोपत नाही. केर काढते आणि दार ओढून घेते. तुला हसू येईल, पण दुपारी चार वाजता मी त्या खोलीच्या आसपास फिरकत नाही. आईचं औषध तू चारला ढवळायचीस ना, काचेच्या पेल्यात, चमच्याचे तीन ठोके देऊन? ते ठोके ऐकू येतात. रोज नाही. पण ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशी मी ते येण्याची वाट बघत बसते, ते जास्त वाईट. नोकरीत होते तोवर चारला ऑफिसात असायचे. निवृत्त झाल्यावर हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, कान तपासून घ्या. घेतले. कान उत्तम आहेत.

आणि एक लिहायचं राहिलं. आई गेल्यावर घराच्या कागदात जे झालं, ती चूक होती. नियमच तसा होता, मानलेल्या नात्याला त्यात जागा नव्हती, आणि घाईगर्दीत माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं. तुला नोटीस आली तेव्हा मलाही धक्काच बसला होता. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग कधी येता? रिक्षा घेऊन मीच येईन.

तुझी,
बदक


१४ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

माझं पत्र परत मिळालं. मेट्रनबाईंनी पाकीट हातात दिलं तेव्हा क्षणभर वाटलं, तुझं उत्तर आलं. उघडलं तर माझंच अक्षर.

दोन शब्दांभोवती तू गोल केला आहेस. 'माझ्या घरी या' मधला 'माझ्या'. आणि पुढे 'ती चूक होती' मधली 'चूक'. समासात, खडू सिस्टर लिहायच्या तसं, तिरकं: पुन्हा लिहा.

दोन दिवस पत्र टेबलावर पडून होतं. खूप राग आला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी मी हात पुढे करते आणि ही माझी वही तपासते! मग राग ओसरला आणि भीती वाटली. कारण ज्या शब्दांवर तू बोट ठेवलं आहेस, त्यांवर बोट ठेवायला माणसाला सगळं ठाऊक असावं लागतं.

तर पुन्हा लिहिते.

नियम आंधळा नव्हता. आजच्या योजनेचा आहे, तेव्हाचा नव्हता. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत दहा वर्षं राहून त्याची सेवा केलेल्या माणसाचं नाव घराला लागायचं, नातं मानलेलं असलं तरी. तसं स्पष्ट परिपत्रक होतं. ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं, पाच प्रतींत. तू सव्वीस वर्षं राहिली होतीस. छापखान्यातलं अक्षरांचे खिळे जुळवायचं काम सोडून सहा वर्षं आईचं अंथरूण-पांघरूण, न्हाणं-धुणं सगळं तू केलंस. मी ऑफिसात जायचे. तुझं नाव माझ्याबरोबरीने लागलं असतं. कदाचित माझ्या आधी.

शेवटच्या वर्षात आईचं मन कुठे कुठे भरकटायचं, तुला माहीत आहे. पण एक गोष्ट तू विसरली असशील. मी एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले, तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला, मला नीट न्याहाळलं आणि तुला म्हणाली, "पेन्सिल, अगं पाहुणी आलीय. बसायला दे काहीतरी."

तू हसलीस. "आई, पाहुणी काय, आपली बदक आहे ही!" तू काही वाईट मनाने हसली नाहीस. हसण्यावारी नेलंस, माझ्यासाठीच. पण आई मानेना. जाईपर्यंत मी तिला पाहुणीच होते. चहा दिला का, पाहुणी किती दिवस राहणार, पाहुणीला उशीर होत असेल. आणि शेवटी तिने हाक मारली ती तुला.

आई गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी मी फॉर्म घेऊन पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसले. तू स्वयंपाकघरात होतीस. सोबत राहणाऱ्या व्यक्ती: तुझं नाव लिहिलं. सुरेख आलं होतं. पुढे नातं. पेन थांबलं. लिहिण्यासारखे शब्द पुष्कळ होते. बहीण लिहिता आलं असतं, मानलेली बहीण लिहिता आलं असतं. मी लिहिलं, पाहुणी. त्यापुढच्या 'किती वर्षांपासून' मध्ये लिहिलं, अधूनमधून.

घाईगर्दी कसली? घरात आपण दोघीच होतो. शाई वाळेपर्यंतही दम निघाला नाही म्हणून मी टीपकागदाने टिपली, फॉर्मची घडी घातली आणि पाकिटात टाकली. मग आत येऊन तुझ्या हातचं जेवले.

दोन महिन्यांनी तुला नोटीस आली. पाहुण्याला नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. तू ती वाचून मला विचारलंस, "तू काय लिहिलं होतंस?" मी म्हटलं, "नियमच तसा आहे गं, मी काय करू?" तू पुन्हा विचारलं नाहीस. नव्वदाव्या दिवशी एक पिशवी घेऊन निघालीस. मी जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही. दाराआडून तुझी पावलं मोजत होते.

हे झालं. आता त्यानंतरचं ऐक, कारण तेही माझंच आहे. त्या दिवसानंतर मी ऑफिसात कधी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. इतकी खरी झाले की लोक माझ्या टेबलाला घाबरायचे. कोणी म्हणायची, "ही माझी बहीण," मी विचारायचे, "सख्खी?" गोंधळली की काप. माझ्यापेक्षा कमी शिकलेले कारकून डोळा झाकून लिहून टाकायचे आणि लोकांना छप्पर मिळायचं. माझ्या टेबलाशी आलेले परत गेले. कुठे गेले, ते मी परवा खडू घेऊन मोजून आले. वाकून वाकून पावलांकडे बघत होते, तेव्हा मी फक्त तुझीच शोधते आहे, असं मला वाटत होतं. आता वाटतं, त्यांत माझ्या लाल शाईने गेलेले कितीतरी असतील.

पहिला गोल राहिला. 'माझ्या'.

उद्या सकाळी अकराला मी कार्यालयात लेखी जबाब देणार आहे, की तो फॉर्म मी जाणूनबुजून खोटा भरला. जुनी फाइल उघडावी लागेल. बत्तीस वर्षं लोकांच्या फाइली हलवल्या, एकदा स्वतःची हलवून बघते. तुला सुनावणीला बोलावतील. येशील का, हे विचारायचा मला हक्क नाही. पण ये. माझ्यासाठी नको. ३१ मार्चला तुला आणि मावशीला शहराच्या दोन टोकांना जावं लागू नये म्हणून ये.

हे पत्र परत पाठवू नकोस. पाठवायचं असेल तर तपासून पाठव.

बदक


२७ मार्च

प्रिय पेन्सिल,

काल निकालाचा कागद हातात आला. तुझी प्रत मेट्रनबाईंकडे पोचली असेल, तरी पाकिटात आणखी एक घातली आहे. कार्यालयाच्या प्रती हरवतात, हे मी नाही सांगणार तर कोण.

सुनावणीआधी इथे काय काय झालं ते तुला ठाऊक नाही. नव्या साहेब माझ्याच हाताखाली टिपणी लिहायला शिकल्या. माझा जबाब वाचून त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, बावीस वर्षं झाली. कोणाची तक्रार नाही. कशाला जुनी मढी उकरताय?"

मी म्हटलं, "मढं नाही हो ते. जिवंत आहे. तुमच्या निवाऱ्यात सतरा नंबरच्या खाटेवर झोपतं."

"तुमचं नाव घरावरून जाईल. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेताय."

"नियम माहीत आहे. मीच टाइप केलाय."

त्यांनी जबाब पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला किती रडवलंत त्या रकान्यावरून, आठवतं?" आणि शिक्का मारून फाइल पुढे पाठवली.

सुनावणीला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मावशीचा हात धरून तू दारातून आलीस तेव्हा मी खाली बघत राहिले, म्हणून तुझा चेहरा मला शेवटपर्यंत नीट दिसला नाही. ऐकलं मात्र सगळं.

साहेबांनी विचारलं, "तेव्हाच हरकत का घेतली नाहीत?"

"हरकतीच्या अर्जावर राहण्याचा पत्ता लिहावा लागतो," तू म्हणालीस. "कोणता लिहू?"

साहेब पाणी प्यायल्या. "पण यांनी फॉर्मवर काय लिहिलंय, हे तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. टेबलावर टीपकागद पडला होता. त्यावर उलटं उमटलं होतं. छापखान्यात पंधरा वर्षं मी उलटीच अक्षरं वाचली, साहेब. सुलटीपेक्षा मला तीच लवकर लागतात."

पेन्सिल, त्याच दिवशी.

म्हणजे त्या संध्याकाळी मी जेवले तेव्हा तुला ठाऊक होतं. नोटीस येईपर्यंतचे दोन महिने, आणि त्यानंतरचे नव्वद दिवस. रोज सकाळी तू माझा डबा भरत होतीस, माझ्या कपड्यांना इस्त्री करत होतीस, माझा खोकला ऐकून काढा उकळत होतीस, आणि तुला ठाऊक होतं. "तू काय लिहिलं होतंस?" असं विचारलंस, तेव्हाही. तो प्रश्न नव्हताच. तू मला जागा करून देत होतीस. आणि मी नियम सांगितला.

मला वाटायचं, घरातले ते चारचे ठोके म्हणजे आई आहे. आता वाटत नाही. तिथे कोण उभं असतं, ते मला कळलं आहे. अजूनही माझ्या उत्तरासाठीच उभं आहे.

निकाल थोडक्यात असा. आई वारली त्या तारखेपासून घर तुझ्या नावावर. खोटी माहिती दिल्याबद्दल माझं नाव कमी. मानलेल्या मावशीचं नाव तुझ्यासोबत लागलं. तेव्हाचा नियम तुमच्या फाइलीला लागू, असं साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. नात्याच्या रकान्यात 'मानलेली' असंच आहे. ते वाचून दाखवल्यावर मावशी काय म्हणाली ते तू ऐकलंस. "हां, आता कसं! कागदालासुद्धा खरं पचतं की." मग तिनेच विचारलं, "आणि ही कारकूनबाई कुठं जाणार?" साहेबांनी खणातून एक फॉर्म काढला. म्हणाल्या, "भाडेकरूची लेखी संमती असेल तर त्या राहू शकतात." संमतीचा फॉर्म त्यांनी तुझ्यापुढे ठेवला. तू तो दुमडून पिशवीत टाकलास. "वाचून बघते," म्हणालीस.

घराविषयी. किल्ली सोबत आहे. पायऱ्या बेचाळीस आहेत, मावशीला आधी सांगून ठेव. दुसऱ्या वळणावरचा कठडा हलतो, तिथे मी जाड कापड गुंडाळून गाठ मारली आहे, हाताला लागलं की समजेल. मोरीतला नळ डावीकडे उघडतो. पुढची खोली तुम्हा दोघींसाठी रिकामी केली आहे, तिथे सकाळचं ऊन येतं. मावशीला दिसत नसलं तरी ऊन कळेल. माझ्या दोन ट्रंका दाराशी आहेत, पायात येतील म्हणून भिंतीला लावून ठेवल्या आहेत. मी सध्या स्वयंपाकघरात गादी टाकते.

३१ला दुपारी बाराला निवाऱ्याला कुलूप लागेल. त्याआधी निघा. रिक्षा घेऊन मी येणार नाही. तुमचं घर आहे, तुम्ही तुमच्या किल्लीने उघडायचं.

संमतीच्या फॉर्मची मुदतही ३१च आहे. सही केली नाहीस तर मी दुपारपर्यंत निघालेली असेन, तुमची गाठ पडायच्या आत. वसतिगृहाच्या यादीत नाव दिलं आहे, एकट्या बायकांमध्ये. त्यांनी विचारलं, "आधीचा पत्ता?" मी तुझं नाव लिहिलं आणि पुढे 'यांच्याकडे'. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. थोडं तसं आलंही असेल. खोडत नाही, तू ओळखशीलच.

सही केलीस, तर त्या फॉर्मवर माझ्या नावापुढे नातं लिहावं लागेल. मी काही सुचवत नाही. जे लिहिशील ते मी वाचेन, आणि या वेळी काही विचारणार नाही.

मावशीला नमस्कार.

तुझ्या घरी आज राहत असलेली,
बदक